इंग्रजी पुढे सरकतंय का, हे आपलं आपण कसं ओळखावं?

पत्र :
ताई, मी ३७ वर्षांचा आहे. बीड जिल्ह्यातल्या झेडपीच्या शाळेत शिकलो, पुढे डिप्लोमा केला. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. दीड वर्षापासून इंग्रजीच्या मागे लागलोय. रोज मोबाइलवर अ‍ॅप, रविवारी दोन तास क्लास, कंपनीच्या बसमध्ये यूट्यूब. अ‍ॅप म्हणतं, तुमची लेव्हल ‘बी टू’ झाली. क्लासचे सर म्हणतात, ‘गुड, कीप इट अप’. मेहुणा हिंजवडीला आयटीत आहे, तो म्हणतो, ‘दाजी, अजून फार अडखळताय’. गेल्या महिन्यात जर्मन कस्टमरचा कॉल होता. त्यांनी रिजेक्शनबद्दल, म्हणजे नापास ठरलेल्या पार्टबद्दल विचारलं आणि दोन वाक्यांनंतर माझी बोलतीच बंद झाली. शेवटी मॅनेजर साहेबांनी वेळ निभावून नेली. घरी येताना बसमध्ये आठवलं, की मी ‘वुई हॅव चेक्ड द पार्ट्स यस्टर्डे’ म्हणालो. तिथं नुसतं ‘वुई चेक्ड’ पाहिजे होतं. रात्रभर झोप लागली नाही. वर्षापूर्वी मी जास्त बिनधास्त बोलायचो. आता वाटतं, मी मागेच चाललोय. प्रगती होतेय की नाही, हे माझं मला कसं कळणार? आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊन बघू का?
– एक वाचक, चाकण

उत्तर :
तुम्ही मागे चाललेला नाहीत, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. बसमध्ये आठवलेलं ते वाक्य. वर्षापूर्वी तुम्ही तेच वाक्य बोलला असतात, घरी जाऊन शांत झोपला असतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच बोलला असतात. ‘आम्ही काल पार्ट तपासलेत’ हे आपल्या मराठीत अगदी सरळ वाक्य आहे, म्हणून इंग्रजीतही ते तसंच तोंडात येतं. ‘यस्टर्डे’ आलं की ‘हॅव’ चालत नाही, हे तुमच्या कानाला आता खुपलं. कोणी दाखवून न देता खुपलं. मराठी माध्यमातून आलेल्या मोठ्या माणसांना मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आहे. एखाद्याची चूक त्याला स्वतःला कधी कळते, यावरून मला त्याच्याबद्दल जितकं समजतं, तितकं चाचणीच्या मार्कांवरून समजत नाही.

कोणतीही जुनी चूक जाताना साधारण एका ठरलेल्या वाटेनं जाते. आधी ती आपल्याला कळतच नाही. मग तासाभरानं, बसमध्ये, अंथरुणावर पडल्यावर आठवते. त्यानंतर बोलून झाल्याझाल्या कळते आणि आपण तिथल्या तिथे वाक्य सुधारून घेतो. त्याच्या पुढे ती तोंडातून निघायच्या आत पकडली जाते, आणि एक दिवस तिचा विचारही करावा लागत नाही. तुम्ही दुसऱ्या टप्प्यावर आहात. हा टप्पा सगळ्यांत जास्त त्रासाचा, कारण कान पुढे गेलेला असतो आणि जीभ मागे राहिलेली असते. बिनधास्तपणा कमी झाला तो यामुळेच. पुष्कळ जण नेमके इथेच क्लास सोडून देतात आणि ‘आपल्याला नाही जमत बुवा’ म्हणून मोकळे होतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पुढचा टप्पा तिथून जवळ असतो.

‘आपल्याला येतंय’ किंवा ‘येत नाही’ ही नुसती भावना या बाबतीत किती फसवी असते, यावर १९९९ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली एक चाचणी इंग्रजी व्याकरणाचीच होती. जे विद्यार्थी तळाच्या पाव हिश्श्यात होते, त्यांनी स्वतःला सरासरीच्या वर ठेवलं. जे सर्वांत वरच्या हिश्श्यात होते, त्यांनी स्वतःला प्रत्यक्षापेक्षा खाली धरलं. या निष्कर्षांचा अर्थ कसा लावायचा यावर पुढे वादही झाले. पण व्याकरण कच्चं असलं की स्वतःची चूक ओळखायलाही तेच कच्चं व्याकरण हाताशी असतं, एवढं वर्गात रोज दिसतं. तेव्हा ‘मला आतून कसं वाटतं’ हे मोजमाप बाजूला ठेवा. दुसरं काहीतरी लागेल.

आता त्या ‘बी टू’बद्दल. ही पातळी अ‍ॅपवाल्यांनी काढलेली नाही. ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या संघटनेनं २००१ साली भाषांसाठी एक समान चौकट प्रसिद्ध केली, त्यात ए वन, ए टू, बी वन, बी टू, सी वन, सी टू अशा सहा पातळ्या आहेत. त्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती स्वतःची स्वतः पारख करण्याची तक्ता-पद्धत. त्या तक्त्यात पाच वेगवेगळे रकाने आहेत : ऐकणं, वाचणं, समोरच्याशी संवाद, एकट्यानं सलग बोलणं आणि लिहिणं. प्रत्येक रकान्यात ‘मी हे करू शकतो’ अशी वाक्यं आहेत. ‘माझं इंग्रजी चांगलं आहे’ असं वाक्य त्यात कुठंही नाही. एकच माणूस वाचनात बी टू आणि संवादात ए टू असू शकतो, आणि आपल्याकडे तर बहुतेक जण असेच असतात. संवादातल्या ए टूचं वर्णन थोडक्यात असं : रोजच्या साध्या कामापुरती देवाणघेवाण जमते, पण संभाषण आपल्या बळावर चालू ठेवण्याइतकं समोरच्याचं कळत नाही. तुमच्या कॉलचं हे वर्णन आहे की नाही, तुम्हीच ठरवा. बी वनला ओळखीच्या विषयावरच्या संभाषणात पूर्वतयारीशिवाय शिरता येतं. बी टूला समोर मूळ इंग्रजी भाषक असला तरी दोघांनाही ताण न येता बोलणं चालू राहतं.

मग अ‍ॅपनं बी टू कसं दिलं? अशा अ‍ॅपमध्ये बहुतेक वेळा समोर चार पर्याय असतात, त्यातला बरोबर ओळखायचा असतो. नाहीतर सुटे शब्द ओढून वाक्य जुळवायचं असतं. विचार करायला वेळ असतो, आणि फोनच्या पलीकडे कोणी उत्तराची वाट पाहत नसतं. समोर दिसलेला शब्द ओळखणं आणि काहीही समोर नसताना तो सेकंदाभरात तोंडात येणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात तुम्ही खरोखर पुढे गेला असाल. अ‍ॅप बंद करू नका, रोज हात फिरता राहतो हा त्याचा फायदा आहेच. मात्र बोलण्याची पातळी त्याला विचारू नका.

मेहुण्याचं म्हणणंही खोटं नाही, पण तो मोजतो आहे वेगळंच. तो दिवसभर इंग्रजीत बोलतो आणि तुमच्यातलं नि त्याच्यातलं अंतर त्याला दिसतं. तुम्ही दीड वर्षापूर्वी कुठं होता, हे त्याच्या लक्षात असायचं कारण नाही. तुमच्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून मिळालं. राज्यात ते पहिलीपासून सुरू झालं २००० साली, तेव्हा तुम्ही पुढच्या वर्गांत गेला होतात. घरातल्या भाच्या-पुतण्यांशीही तुलना नको.

थोडा तासांचा हिशेबही मांडते. केंब्रिजच्या परीक्षा घेणारी संस्था एक अंदाज देते : अगदी सुरुवातीपासून धरलं तर शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली ए टूपर्यंत सुमारे १८० ते २०० तास, बी वनपर्यंत ३५० ते ४००, बी टूपर्यंत ५०० ते ६०० तास लागतात. तुमचा रविवारचा दोन तासांचा क्लास एकही सुट्टी न घेता झाला असं मानलं, तरी दीड वर्षात साधारण १५६ तास होतात. शाळेतलं इंग्रजी पाठीशी आहे, म्हणजे तुम्ही शून्यापासून निघालेला नाहीत. तरीही एवढ्या तासांत बोलणं बी टूला पोचलं नाही म्हणून स्वतःला दोष देण्याचं काहीच कारण नाही. शिवाय सुरुवातीची प्रगती डोळ्यांना दिसते तशी पुढची दिसत नाही. सर्वाधिक वापरातले दोनेक हजार शब्द आणि त्यांची रूपं आली, की साध्या इंग्रजी मजकुरातले ८० टक्के किंवा त्याहून थोडे जास्तच शब्द ओळखीचे होतात. ते शब्द रोज भेटतात, म्हणून रोज काही तरी शिकल्यासारखं वाटतं. त्यापुढचा एखादा शब्द आज पाठ केला तर पुन्हा कदाचित महिन्यानं समोर येतो. मेहनत तेवढीच असते, दिसतं कमी.

तर मोजायचं कसं? क्वालिटीतल्या माणसाला हे मी काय सांगणार! पार्ट आज एका गेजनं आणि उद्या दुसऱ्या गेजनं मोजला, तर त्या दोन आकड्यांची तुलना तुम्ही कुणाला करू देणार नाही. इथे मात्र तुम्ही अ‍ॅपचा आकडा, सरांचं कौतुक, मेहुण्याचा शेरा आणि एका वाईट कॉलची आठवण अशी चार वेगळी मापं शेजारी शेजारी ठेवून हिशेब करता आहात. एकच काम घ्या. ते ठरावीक काळानं, तसंच्या तसं पुन्हा करा आणि जुनं-नवं समोरासमोर ठेवा.

लिखाणासाठी तर तुमच्याकडे आयता पुरावा पडून आहे. कंपनीच्या मेलमधला ‘सेंट’ फोल्डर उघडा. दीड वर्षापूर्वी रिजेक्शनबद्दल कस्टमरला किंवा सप्लायरला पाठवलेला एक मेल काढा आणि त्याच प्रकारचा अलीकडचा एक. स्पेलिंग बघत बसू नका, ते कॉम्प्युटर दुरुस्त करतो. जुन्या मेलमध्ये बहुधा ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ आणि ‘डू द नीडफुल’ अशी कुणाकडून तरी उचललेली वाक्यं असतील आणि मधे दोन तुटक ओळी. नव्यात कारण आणि परिणाम जोडलेले आहेत का, ‘बिकॉज’, ‘ड्यू टू’, ‘सो’, ‘अनटिल’ असे जोडणारे शब्द आलेत का, हे पाहा. याहून पक्की एक खूण आहे. त्या मेलला आलेलं उत्तर वाचा. समोरच्यानं ‘प्लीज क्लॅरिफाय’ म्हणून परत विचारलं, की तुमचं म्हणणं धरून पुढची कारवाई केली? पूर्वी एका विषयावर तीन-चार मेल फिरायचे आणि आता एकात काम होतंय, तर ती लेखी प्रगती आहे आणि तारखेसकट आहे. एक अट : जे मेल एआयकडून लिहून घेतले असतील ते या हिशेबात धरायचे नाहीत. वापरा खुशाल, पण मोजायचे फक्त स्वतः लिहिलेले.

बोलण्यासाठी मोबाइलचा रेकॉर्डर पुरे. विषय तुमचाच : एक रिजेक्शन समजावून सांगायचं. पार्ट कोणता, दोष काय, किती नग, कारण काय सापडलं, पुढे काय करणार. दोन मिनिटं, कागद समोर न धरता, एकाच दमात. चुकलं तरी थांबवून पुन्हा सुरू करायचं नाही. फाइलला तारखेचं नाव द्या आणि तीन महिने ती उघडू नका. तीन महिन्यांनी तोच विषय, तेवढीच वेळ. मग दोन्ही एकापाठोपाठ ऐका.

ऐकताना सगळ्यात आधी थांबण्याच्या जागा पाहा. वाक्य संपल्यावर माणूस थांबतो ते विचार करण्यासाठी, मराठीतही आपण तसंच थांबतो. पण ‘द डायमीटर…’ म्हणून थांबलात, मग ‘इज…’ म्हणून थांबलात, तर तिथे वाक्य जुळवणं चाललेलं आहे. वाक्याच्या पोटातले हे थांबे कमी झाले, की बोलणं सुधारलं. मेहुणा ज्याला अडखळणं म्हणतो, त्यातले कोणते थांबे काळजीचे आणि कोणते नाहीत, हे यातून तुमचं तुम्हाला कळेल. मग पाहा, ‘कारण काय’ हा भाग तुम्ही पूर्ण सांगितलात की ‘सम प्रॉब्लेम इन मशीन’ म्हणून गुंडाळलात. शेवटी तुमच्या दोन-तीन हट्टी चुका, त्यात हे ‘हॅव… यस्टर्डे’ आलंच, किती वेळा आल्या आणि त्यातल्या किती तुम्ही बोलता बोलता सुधारल्या, ते मोजा. सगळ्या चुका मोजायला गेलात तर दमून जाल. ‘ए’ आणि ‘द’च्या चुका तर आपल्याला फार काळ साथ देतात, कारण मराठीत तशी सोयच नाही; त्यांनी अर्थ क्वचितच अडतो.

उच्चारांची परीक्षा मात्र स्वतः घेऊ नका. जो फरक आपण बोलताना करत नाही, तो ऐकतानाही सुटतो. इंग्रजीतले ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ आपल्या कानाला जवळजवळ सारखेच, कारण आपला ‘व’ दोन्हीकडे चालून जातो. हे काम सरांना द्या. त्यांना ‘माझं कसं चाललंय’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘गुड’च येणार. असं विचारा : ‘सर, सहा महिन्यांपूर्वी करत होतो आणि आता करत नाही अशी माझी एक चूक सांगा, आणि अजून करतो अशी एक सांगा.’ त्यांनी लक्ष दिलं असेल तर सांगतील. नसेल, तर पुढच्या रविवारपासून देतील.

आणि आता तो कॉल. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण पत्रातली सगळी कळकळ तिथून आली आहे. पलीकडचा माणूस जर्मन आहे. इंग्रजी त्याचीही शिकलेली भाषा आहे. शब्द शोधायला तोही अडतो, फक्त अडल्यावर काय करायचं हे त्याला सवयीनं माहीत आहे. तुमची बोलती बंद झाली ती शब्द संपले म्हणून की प्रश्न नीट कळला नाही म्हणून? पत्रात ते नाही, आणि उपाय त्यावरच ठरतो. प्रश्न कळला नसेल तर तो ऐकण्याचा भाग आहे. त्यासाठी तुमच्या कामाचा एखादा इंग्रजी व्हिडिओ घ्या, खालची अक्षरं बंद करून तीन मिनिटं एकदाच ऐका, काय कळलं ते मराठीत लिहा आणि मग अक्षरं लावून ताडून पाहा. मराठीत लिहायला सांगते आहे ते मुद्दाम. इंग्रजीत लिहायला गेलात तर ऐकण्याऐवजी लिहिण्याचीच परीक्षा होईल.

शब्द सापडत नव्हते, असं असेल तर सावरायची वाक्यं तोंडात बसलेली हवीत. ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ ‘जस्ट टू कन्फर्म, यू मीन द सेकंड लॉट?’ ‘गिव्ह मी अ मोमेंट, आय विल चेक द रिपोर्ट.’ पुन्हा विचारणं म्हणजे आपली अब्रू गेली असं आपल्याकडे शाळेपासून बिंबवलं जातं. त्या युरोपीय चौकटीत मात्र खुलासा मागता येणं हे एक स्वतंत्र कौशल्य म्हणून नोंदवलेलं आहे आणि त्याच्याही पायऱ्या आहेत. ‘सॉरी?’ एवढंच म्हणता येणं ही खालची पायरी. नेमकं काय कळलं नाही ते बोट ठेवून विचारता येणं ही वरची. पुढचा कॉल झाला की वहीत तीन गोष्टी लिहा : त्यांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, कुठं अडलो आणि तिथून कसा बाहेर आलो. कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय करू नका; वही पुरेशी आहे. मॅनेजर साहेबांनाही आधीच सांगून ठेवा, की ‘सर, सुरुवातीची पाच मिनिटं मी बोलतो, अडलो तर तुम्ही घ्या’. साहेबांनी मधे घेणं ठरलेलंच असलं की त्याची नामुष्की वाटत नाही. दोन-तीन कॉलनंतर त्या पाच मिनिटांची दहा झाली, तर यापेक्षा स्पष्ट मोजमाप मी तरी देऊ शकणार नाही.

आयईएलटीएसचं थोडक्यात सांगते. तुम्हाला परदेशी नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा व्हिसासाठी प्रमाणपत्र लागणार नसेल, तर आत्ता देऊ नका. फी पंधरा हजारांच्या वर आहे, निकाल साधारण दोनच वर्षं ग्राह्य धरतात, आणि शून्य ते नऊमधला जो आकडा मिळेल तो तुम्हाला रिजेक्शनचा कॉल घेता येतो की नाही हे सांगणार नाही. त्याची बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि परीक्षक चार गोष्टी पाहतात : ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरणाची विविधता आणि अचूकता, उच्चार. हे निकष सगळ्यांसाठी खुले आहेत. तीन महिन्यांनी तुमचं रेकॉर्डिंग सरांना ऐकवाल तेव्हा हे चार निकष समोर ठेवायला त्यांना जरूर सांगा. उद्या कंपनीनं जर्मनीला पाठवायचं म्हटलं आणि प्रमाणपत्र मागितलं, तर तेव्हा दोन महिने त्या परीक्षेचीच तयारी करा.

पहिलं रेकॉर्डिंग याच आठवड्यात करा, पण रविवारी क्लासहून आल्यावर नको. त्या दिवशी दोन तासांची वाक्यं जिभेवर ताजी असतात आणि चित्र आहे त्याहून चांगलं येतं. मधल्या वारी, शिफ्ट संपल्यावर, दमलेले असताना करा. कस्टमरचे फोन तुम्हाला तशाच वेळी येतात.